बेअरिंग-सील बसवायची बावन्न नगांची पेटी: गॅरेजवाल्याचा अनुभव

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे घाईतल्या माणसाला पुढचं वाचावं लागणार नाही. ही पेटी म्हणजे बेअरिंग आणि सील (तेल गळू नये म्हणून फिरणाऱ्या शाफ्टभोवती बसणारी ओठवाली रिंग) सरळ दाबून किंवा ठोकून बसवायच्या चकत्यांचा संच. दुचाकीची इंजिनं रोज खोलत असाल तर ती घ्या. स्वतःच्या एकाच गाडीचं काम हौसेने करत असाल तर घेऊ नका. जवळच्या लेथवाल्याकडून लागेल त्या मापाची एक चकती कातून घ्या. पैसे वाचतील आणि काम पेटीपेक्षा सरस होईल.

माझं कराडला दुचाकीचं गॅरेज आहे. येणाऱ्या गाड्यांत निम्म्याहून जास्त स्प्लेंडर आणि तिच्या भावकीतल्या, मग शाइन, पल्सर, थोड्या बुलेट आणि हौशी पोरांनी जपलेल्या आरएक्स १००. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या लटकवून उसाच्या वाटेने चिखलातून फिरणाऱ्या या गाड्या. त्यांची सील आणि बेअरिंगं जेवढी लवकर जातात, तेवढा आमचा धंदा चालतो, खोटं कशाला बोलू. पण हा माल बसवताना बिघडला तर भुर्दंड आम्हालाच. गिऱ्हाईक म्हणतं, "परवाच टाकलं की हो बेअरिंग, मग आवाज कसला?" आणि त्याचं बरोबरच असतं.

पेटीवर कंपनीचं नाव नाही. ऑनलाइन मागवली, अडीच हजाराच्या आत पडली. जाड प्लास्टिकची पेटी, आत खाचांमध्ये १८ मिलिमीटरपासून ६५ पर्यंत एकेक मिलिमीटरने वाढत जाणाऱ्या काळ्या पोलादी चकत्या, शेवटी एकच मोठी ७४ ची, आणि चकती अडकवायला दांडे. चकत्यांना मधून आरपार भोक आहे. प्रत्येकीवर माप कोरलेलं आहे, छापलेलं नाही, ही चांगली गोष्ट. छापलेलं माप ग्रीस आणि रॉकेलमध्ये चार दिवसांत पुसलं जातं.

पेटी उघडल्यावर पहिलं काम म्हणजे व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) लावून मोजणी. चकत्या लिहिलेल्या मापापेक्षा जरा कमीच भरल्या. २४ ची २३.७, ४० ची ३९.८, अशा. ही खोट नाही, असंच हवं. चकती भोकाच्या आत उतरणार, ती घासत गेली तर अॅल्युमिनियम ओरबाडणार. पण एक गोची निघाली. ४६ ची चकती नव्हतीच. तिच्या जागी ४५ ची दुसरी कोंबलेली. विकणाऱ्याला कळवलं तर उत्तर आलं की सुटी चकती मिळत नाही, अख्खी पेटी परत पाठवा. बावन्न नगांचं ते धूड पुन्हा बांधून कोण पाठवणार? ठेवून घेतली.

आता ४६ चीच का सलली ते सांगतो. ६२०४ नंबरचं बेअरिंग आतून २० मिलिमीटर, बाहेरून ४७, रुंदी १४. ६२०३ म्हणजे १७, ४०, १२. दुचाकीवाल्यांना ही दोन मापं झोपेत विचारली तरी येतात. भोकात बेअरिंग बसवायला चकती त्याच्या बाहेरच्या मापापेक्षा एखाद मिलिमीटर लहान लागते. म्हणजे ६२०३ ला ३९ ची, ६२०४ ला ४६ ची. सगळ्यात जास्त लागणारी हीच गायब.

बेअरिंग बसवायचा नियम तसा एका ओळीचा आहे. जी रिंग घट्ट बसतेय, जोर तिच्यावरच पडला पाहिजे. चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या अॅल्युमिनियमच्या सांगाड्यात, बसवताना बाहेरच्या रिंगवर, शाफ्टवर चढवताना आतल्या रिंगवर. उलटं केलं की सगळा मार मधल्या गोळ्यांतून जातो. गोळी रिंगच्या खोबणीत रुतते आणि बारीक खळगा पडतो. तो डोळ्याला दिसत नाही, बोटाने फिरवून बघितलं तरी बेअरिंग मऊच फिरतं. इंजिन बांधून गाडी चार-पाचशे किलोमीटर पळाली की तिसऱ्या-चौथ्या गिअरला घूंऽऽ असा आवाज सुरू होतो. मग सगळे मिळून बेअरिंगच्या कंपनीला शिव्या घालतात.

आणि या पेटीची सगळ्यात मोठी उणीव इथेच आहे. चकत्या सपाट आहेत, पूर्ण सपाट. बाहेरच्या रिंगवर टेकते तशी चकती आतल्या रिंगवरही टेकते. दोन्ही रिंगा एका पातळीत असतात, त्यामुळे सरळ दाब दिला तर फारसं बिघडत नाही. पण हातोडीचा घाव कधी अगदी सरळ बसतो का? चकती केसभर कलली की आतल्या रिंगवर मार गेलाच.

यावर उतारा आमच्या लेथवाल्या मिस्त्रींनी काढला, तोही त्या हरवलेल्या ४६ मुळे. त्यांच्याकडे चकती कातायला गेलो तर म्हणाले, "सपाट कशाला करतोस? मधून दीड मिलिमीटर खाली घेतो, कडेला तीन मिलिमीटरची धार ठेवतो. ती धार बाहेरच्या रिंगवरच बसेल." ती चकती आली आणि पेटीतल्या बाकीच्या गुळमुळीत वाटायला लागल्या. मग ३४, ३९, ५१ अशा नेहमी लागणाऱ्या चकत्याही त्यांच्याकडून मधून खोल करून घेतल्या. पेटीतलं पोलाद मऊ आहे, लेथवर लोण्यासारखं कातलं जातं. एरवी मऊ पोलाद म्हणजे तक्रार, इथे ते पथ्यावर पडलं.

दांड्याबद्दल बोलायचं तर दांडा टाकाऊ आहे. पकडायला खरखरीत केलाय, हातात बरा बसतो, पण चार घाव पडले की चकती अडकवायचा बोल्ट ढिला होतो आणि चकती डुगडुगते. डुगडुगणारी चकती वाकडीच बसणार. दर वेळी पाना लावून आवळायचा म्हटलं तर एक हात त्यातच अडकतो. मी दांडा पेटीतच ठेवलाय, वापरत नाही.

त्याऐवजी हार्डवेअरच्या दुकानातून १० एमएमचा पूर्ण आट्यांचा रॉड आणला. दोन फुटी तुकडा, दोन लांब नट, चार जाड वायसर. भोक आरपार असेल तिथे ठोकायचंच नाही, ओढून घ्यायचं. एका बाजूला बेअरिंग आणि त्यावर चकती, दुसऱ्या बाजूला चेंबरच्या तोंडावर मोठी चकती टेकवायची, मधून रॉड, आणि पान्याने नट फिरवायचा. १० एमएमच्या साध्या आट्याला एका फेऱ्यात दीड मिलिमीटर सरकतं. म्हणजे ६२०४ पूर्ण आत जायला सव्वानऊ-साडेनऊ फेरे. प्रत्येक फेऱ्याला हाताला कळतं की बेअरिंग सरळ चाललंय का अडतंय. अडलं की थांबायचं, अर्धा फेरा मागे, चकती बघायची, परत पुढे. तळाला टेकलं की पाना एकदम दगड होतो. हातोडीने काम करणाऱ्यांना हीच खूण आवाजावरून ओळखावी लागते, भदभद आवाज बदलून ठण्ण येतो तेव्हा बसलं. दोन्ही खुणा खऱ्या, पण पान्याची खूण मिळते तेव्हा काही फुटलेलं नसतं.

रॉडची कल्पना माझी नाही, पंपाची कामं करणारे कधीपासून करतात. पण पेटी विकणाऱ्याने बावन्न नगांत असा एक रॉड टाकला असता तर त्याचं काय गेलं असतं? १८ ते २१ च्या चकत्या तर मला अजून कामाला लागलेल्या नाहीत, त्यांच्या जागी तरी टाकायचा.

पोरं विचारतात, "मामा, एवढी चकती-बिकती कशाला? भट्टीवर चेंबर तापवलं की बेअरिंग आपोआप पडतंय की आत." खरंय, पण अर्धंच. हिशेब असा. अॅल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. ४७ मिलिमीटरचं भोक ३० अंशांवरून ११० पर्यंत तापवलं तर साधारण साडेआठ शतांश मिलिमीटर मोठं होतं. बेअरिंग फ्रीझरमध्ये उणे १८ पर्यंत गार केलं तर ते पावणेतीन शतांश लहान होतं. दोन्ही मिळून अकरा शतांशांची मोकळीक. नव्या चेंबरमध्ये बेअरिंग एवढं घट्ट नसतंच, म्हणून ते टपकन आत जातं. पण तापलेल्या चेंबरशी भेट झाली की ते गार बेअरिंग बघता बघता गरम होतं आणि जिथे असेल तिथे पकडलं जातं. वाकडं पकडलं तर वाकडं. म्हणून चकती आधीच हाताशी हवी. बेअरिंग सोडलं की लगेच चकती ठेवून तळहाताने दाबून धरायचं, मिनिटभर सोडायचं नाही. या कामाला पेटीतल्या सपाट चकत्यासुद्धा फक्कड, कारण इथे मार नाही, नुसता दाब आहे.

तापवायचं म्हणजे गॅसची ज्योत एका जागी मारायची नाही. चेंबर एका बाजूने फुगतं, भोक अंड्यासारखं होतं. जुना ओव्हन किंवा जाड तव्यावर झाकण ठेवून सावकाश. त्याआधी चेंबरमधली सगळी सील काढायची. लाल ठिपक्याचं तापमान बघायचं पिस्तूल चकचकीत अॅल्युमिनियमवर खोटं आणि कमी बोलतं. तिथे काळ्या मार्करने ठिपका करा आणि त्यावर मोजा. पिस्तूल नसेल तर पाण्याचा थेंब टाका, चुरचुरून उडाला की शंभराच्या पुढे गेलं. बेअरिंग फ्रीझरमध्ये ठेवताना प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवायचं, नाहीतर बाहेर काढल्यावर त्यावर दव धरतं. आमच्या घरच्या फ्रीझरमध्ये मटाराच्या पिशवीशेजारी ६२०४ असतं. त्यावरून घरात काय ऐकावं लागतं ते इथे लिहीत नाही.

आता सीलकडे येतो, कारण पेटीचे पैसे वसूल झाले ते सीलवर. बेअरिंगला जुन्या बेअरिंगची बाहेरची रिंग बाहेरून थोडी घासून वापरता येते, आम्ही वर्षानुवर्षं तेच केलं आणि त्यात वाईट काही नाही. सीलला ते जमत नाही. सीलची मापं विचित्र. होंडाच्या छोट्या इंजिनांत किकच्या शाफ्टचं सील १३.८ × २४ × ५, गिअरच्या शाफ्टचं ११.६ × २४ × १०, चेन स्प्रॉकेटमागचं १७ × २९ × ५. या आकड्यांत पहिला शाफ्टचा, दुसरा भोकाचा, तिसरा जाडीचा. मिलिमीटर-मिलिमीटरच्या चकत्या इथे कामाला येतात.

आणि एक युक्ती. सील चेंबरच्या तोंडाशी सपाट बसवायचं असेल तर त्याच्या मापाची चकती घेऊच नका, मोठी घ्या. २४ च्या सीलला ३० ची. चकती चेंबरच्या तोंडाला टेकली की सील आपोआप पातळीत येऊन थांबतं, त्याहून आत जाऊच शकत नाही. आत खोल बसवायचं असेल तेव्हाच २३ ची. काही गाड्यांत सीलच्या मागे तेलाचं बारीक भोक असतं, सील जास्त आत ठोकलं की ते झाकलं जातं. मग सील नवं आणि आतलं बेअरिंग कोरडं.

मागच्या पावसात एक आबा आले होते, गाडीच्या स्प्रॉकेटखाली तेलाचं थारोळं.

"आबा, सील कधी टाकलं?"

"गेल्या दिवाळीला की. तिकडं बाजारच्या गावाला टाकलं. तवापास्नं उलट जास्तच गळतंय."

कव्हर काढून बघितलं तर सीलच्या पत्र्यावर स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाचे चार खड्डे, एका बाजूने सील मिलिमीटरभर आत, आणि आतल्या ओठाला अर्ध्या नखाएवढी चीर. सील काही खराब नव्हतं, नामांकित कंपनीचं होतं. चार ठिकाणी आळीपाळीने ठोकत नेलं, ते तिरकं गेलं, आणि शाफ्टच्या दात्यांवरून सरकवताना ओठ फाटला. आबांनी चीर बघितली आणि म्हणाले, "एवढ्याशा भेगंतनं एवढं तेल?" एवढ्याशाच भेगेतनं जातं. शाफ्ट मिनिटाला हजारो फेरे मारतो, ओठ शाफ्टला नुसता टेकलेला असतो आणि मागच्या बारीक स्प्रिंगने धरलेला असतो.

तेव्हा सीलचं काम असं करतो. भोकाची कड बोटाने चाचपायची, जुनं सील उचकटताना उठलेली बुरी (धातूचा बारीक कंगोरा) असेल तर बारीक पॉलिश पेपरने मारायची. स्प्रिंग दिसणारी बाजू तेलाकडे. ओठाला ग्रीस, कोरडा ओठ पहिल्याच किकला जळतो. शाफ्टला दाते असतील तर त्यावर दुधाच्या पिशवीचा तुकडा गुंडाळायचा, वरून तेलाचं बोट फिरवायचं, सील त्यावरून सरकवायचं आणि मग पिशवी ओढून काढायची. टेपपेक्षा दुधाची पिशवी बरी, टेपचा डिंक ओठाला चिकटतो. मग चकती ठेवून शक्यतो हातानेच दाब, नाहीतर नायलॉनच्या हातोडीचे हलके टोले, मधोमध. बाहेरून रबर असलेलं सील दाब सोडला की थोडं मागे येतं, म्हणून बसल्यावर चकती जरा दाबून धरायची. पत्र्याचं सील तसं करत नाही.

व्हॉल्व्हच्या सीलला मात्र ही पेटी काही कामाची नाही. विकणाऱ्याच्या जाहिरातीत 'इंजिनाची सर्व सील' असं लिहिलंय, ते धादांत खोटं. व्हॉल्व्ह गाइडवर (व्हॉल्व्हची दांडी ज्यातून सरकते त्या नळीवर) बसणारं ते टोपीसारखं सील पेटीतल्या सगळ्यात छोट्या चकतीपेक्षाही लहान असतं, आणि त्याला वरून सपाट दाब चालतच नाही. दाब बाहेरच्या कडेवर आला पाहिजे, मधली स्प्रिंग आणि ओठ मोकळे राहिले पाहिजेत. त्यासाठी आतून मापात बसणारी खोल गोटी (नट खोलायच्या पान्याचं सॉकेट) किंवा कातून घेतलेली नळी लागते. गोटी हातात धरून अंगठ्याने दाबायचं. गाइडच्या खाचेत सील बसलं की टुक असं बोटाला लागतं. हातोडी लागली तर समजायचं काहीतरी चुकतंय. आणि नंतर व्हॉल्व्ह आत घालताना दांडीवरच्या लॉकच्या खाचेची धार सीलच्या ओठाला कापते. ती आधी बारीक दगडाने मारून तेल लावून, व्हॉल्व्ह फिरवत फिरवत घालायचा. हेडचं काम करूनही गाडी सकाळी निळा धूर टाकत असेल, तर मी पहिला संशय या ओठावर घेतो.

बुलेटच्या कनेक्टिंग रॉडच्या वरच्या बुशला (पिन ज्यात बसते त्या धातूच्या नळीला) पेटी वापरून बघितली. बसतो, पण मजा नाही. बुशच्या आत शिरून त्याला सरळ धरणारा पायरीचा तुकडा लागतो, सपाट चकती ते करू शकत नाही. बाक व्हाइसमध्ये एका बाजूला पायरीचा तुकडा आणि दुसऱ्या बाजूला मोठी गोटी धरून दाबलेलंच बरं. तेलाचं भोक आधी मार्करने जुळवून घ्यायचं, नंतर बुश फिरत नाही. दाबल्यावर बुश आतून आवळतो, तेव्हा रीमर (भोक आतून कातून मापात आणायचं हत्यार) मारल्याशिवाय पिन जाणार नाही. पिन जात नाही म्हणून बुश खराब आहे, असं दुकानदाराशी भांडणारे बघितलेत.

चारचाकीवाल्या मित्राकडे दहा नगांचा अॅल्युमिनियमचा सेट आहे, ३९.५ पासून ८१ मिलिमीटरपर्यंतच्या चकत्यांचा. तो चाकाच्या बेअरिंगसाठी बनवलाय आणि तिथे उत्तम चालतो. दुचाकीला त्यातल्या पहिल्या दोन-तीन चकत्याच लागतात, सीलसाठी तर एकही नाही. स्वस्त दिसतो म्हणून दुचाकीवाल्याने तो घेऊ नये.

टिकण्याचं म्हणाल तर चकत्यांना काही होत नाही, पावसाळ्यात काळ्या रंगाखालून गंज फुटतो, तेलाचं फडकं फिरवलं की झालं. पेटीचं बिजागर मात्र तुटलं, आता सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळून बंद करतो. पाचपैकी साडेतीन देईन. दांडा नीट असता आणि चकत्या मधून खोल असत्या तर साडेचार दिले असते.

मागवणार असाल तर पेटी आल्याच दिवशी सगळ्या चकत्या मोजून घ्या. कुणाला ४६ च्या दोन आल्या असतील तर कळवा, माझ्याकडे ४५ ची एक कोरी पडून आहे, बदलून घेऊ.